झाडाच्या बुडाशी

आमच्या लेकीच्या परसात सफरचंदाचे एक झाड आहे. परस अमेरिकेतला. न्यूयॉर्क राज्यातला, पण न्यूयॉर्क शहरापासून मोटारीने पाच-सहा तासांवरचा. ऑन्टॅरियो सरोवराच्या काठी रॉचेस्टर नावाचे शहर आहे, त्याच्या एका उपनगरात ती मंडळी राहतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये एका सकाळी मला पुण्यात त्या झाडाचे दहा-बारा फोटो आले. सोबत एकच ओळ होती : ‘बाबा, आईचं झाड बरं दिसत नाही.’

‘आईचं झाड’ हे त्याचे घरातले नाव. २०१५ साली आम्ही दोघे पहिल्यांदा तिकडे गेलो, तेव्हा माझ्या पत्नीने ते लावले. रोपवाटिकेतून कमरेएवढे कलम आणले. खड्डा तिनेच खणला, कारण आमच्या संगणकवाल्या जावयांना कुदळ कोणत्या बाजूने धरतात याचीच शंका होती, आणि मी बँकेतला माणूस असल्याने देखरेख करत होतो. रोप लावून झाल्यावर तिने त्याला हळदकुंकू वाहिले आणि कुंपणापलीकडचे अमेरिकन गृहस्थ बघत असताना अगदी निःसंकोचपणे नमस्कारही केला. २०१९ साली ती गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात झाडाला पहिली सात फळे धरली. लेकीने त्यांतली दोन तशीच जपून ठेवली होती, पार सुरकुतेपर्यंत.

तेव्हा फोटो आले म्हणजे काय आले, हे वाचकांच्या लक्षात येईल.

पाने लहान आणि फिकट होती. काहींवर शेवाळी-काळपट डाग होते. सगळ्यांत खटकणारी गोष्ट म्हणजे तिकडची झाडे ऑक्टोबरात रंग बदलतात, आणि याची पाने ऑगस्टमध्येच तांबूस व्हायला लागली होती. फळे मात्र चिक्कार, पण लिंबाएवढीच. आजारी झाडाला इतकी फळे कशी, असे मला वाटले. पण तो विचार मी पुढे नेला नाही. न्यायला हवा होता.

आजारी माणसाप्रमाणेच आजारी झाडाबद्दलही प्रत्येकाकडे एक निदान तयार असते. जावईबापूंनी पानाचा फोटो मोबाइलमधल्या कसल्याशा अ‍ॅपला दाखवला. त्याने दोन सेकंदांत ‘स्कॅब’ असे उत्तर दिले. ते चूकही नव्हते. स्कॅब हा सफरचंदाचा जुना, जगभर पसरलेला रोग. १९७३ साली काश्मीरच्या बागांना त्याने झोडपून काढले होते. त्याची बुरशी आदल्या वर्षीच्या गळलेल्या पानांत हिवाळा काढते आणि वसंतातल्या पावसाबरोबर तिचे बीजाणू उडून कोवळ्या पालवीवर बसतात. कॉर्नेल विद्यापीठातल्या मिल्स नावाच्या तज्ज्ञाने १९४४ साली याचे एक कोष्टकच प्रसिद्ध केले. हवा साधारण १६ ते २४ अंशांची असेल आणि पान सलग नऊ तास ओले राहिले, तर रोग शिरलाच म्हणून समजायचे. त्यातून आमचे झाड मॅकिंटॉश जातीचे, आणि ही जात स्कॅबच्या बाबतीत भलतीच नाजूक. तेव्हा स्कॅब होताच. दुकानातून बाटली आली, फवारणी झाली. फवारणीची खरी वेळ एप्रिल-मेमध्ये येते, ऑगस्टमध्ये ती करून वराती मागून घोडे नाचवल्यासारखे होते, हे कळायला आम्हाला आणखी आठ महिने लागायचे होते.

कुंपणापलीकडचे गृहस्थ टपाल खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे स्वतःची तीन सफरचंदाची झाडे. त्यांनी शेंडे बघून ‘फायर ब्लाइट’ असा निकाल दिला. या रोगात फांदीचे कोवळे टोक काठीच्या मुठीसारखे वाकते आणि आगीने होरपळल्यासारखे काळे पडते. त्याची पहिली नोंद न्यूयॉर्क राज्यातच, हडसन नदीच्या खोऱ्यात, अठराव्या शतकाच्या अखेरीस झाली. जीवाणूंमुळे माणसांप्रमाणे वनस्पतींनाही रोग होतात, हे १८८० च्या सुमारास इलिनॉयमधल्या बरिल यांनी दाखवून दिले, ते याच रोगावरून. शेजाऱ्यांनी आपली करवत आणून दोन फांद्या काढल्या. वाळलेल्या भागाच्या फूटभर खालून काप घेतला, प्रत्येक कापानंतर पाते स्पिरिटने पुसले. निदान चुकले होते, पण कामात कसूर नव्हती.

आणि मी? मी पुण्यात बसून व्हिडिओ कॉलवर सल्ले दिले. एक, खत घाला. दोन, थंडी तोंडावर आली आहे, तेव्हा मी आदल्या वर्षी केले होते तसे खोडाशी आच्छादन वाढवा. माझे तिसरे निदान मी कुणाला सांगितले नाही. कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला एक वाईट खोड असते, त्याला प्रत्येक गोष्टीत गोष्ट दिसते. मला वाटू लागले होते, की लावणारीच नाही, म्हणून झाड झुरते आहे. हे वाक्य कागदावर उमटले असते तर मी स्वतःच खोडले असते. पण मनात ते चांगले दोन महिने राहिले, आणि अशा वाक्याचा तोटा हा, की ते एकदा सुचले की माणूस आणखी काही शोधत नाही.

२०२४ च्या एप्रिलमध्ये मी तिकडे पोहोचलो. आठवडाभरातच, ८ एप्रिलला, खग्रास सूर्यग्रहण होते आणि त्याचा पट्टा नेमका रॉचेस्टरवरून जात होता. लांबलांबून माणसे आली होती आणि आकाश ढगांनी गच्च भरलेले! सूर्य काही दिसला नाही. पण भर दुपारी साडेतीन-एक मिनिटे असा अंधार झाला, की अंगणातले दिवे आपोआप लागले. नातीला घेऊन मी मागच्या दारी उभा होतो. तो अंधार सरला आणि उजेड परत आला, तेव्हा समोर पहिले काय दिसले तर ते झाड. शेजाऱ्यांच्या झाडांवर कळ्या टपोऱ्या फुगलेल्या, आणि याच्या बारीक, चिमटलेल्या.

मी लेकीला म्हटले, ‘इथे शेतकी खात्याचं काही असेल ना?’

होते. अमेरिकेत १९१४ च्या एका कायद्याने कृषी विद्यापीठांचे ज्ञान गावोगाव नेणारी विस्तार सेवा सुरू झाली. न्यूयॉर्क राज्यात ती कॉर्नेल विद्यापीठ चालवते आणि जिल्ह्याजिल्ह्यात तिची कार्यालये आहेत. आपल्याकडची राहुरीची (१९६८) आणि अकोल्याची (१९६९) कृषी विद्यापीठे निघाली, ती याच अमेरिकन विद्यापीठांचा नमुना डोळ्यांपुढे ठेवून. त्या कार्यालयात रीतसर प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक लोकांच्या बागांच्या तक्रारी ऐकतात. आम्हाला भेटल्या त्या बाई सत्तरीच्या, माझ्यापेक्षा मोठ्या. त्यांनी एकाही औषधाचे नाव घेतले नाही. नुसते प्रश्न विचारले. झाड कधी लावलं? पाणी साचतं का? मागच्या तीन वर्षांत झाडाभोवती काय काय केलंत? कलमाचा जोड जमिनीच्या किती वर आहे? आणि शेवटी : ‘बुंध्याचा फोटो आहे का?’

मी लेकीचा फोन पुढे केला. चाळीसेक फोटो होते. पानांचे, शेंड्यांचे, फळांचे, डागांचे अगदी जवळून घेतलेले. एकाही फोटोत झाडाचे बूड नव्हते.

बाई म्हणाल्या, ‘घरी जा, गुडघे टेका आणि आधी खोड उघडं करा.’

इथे मला माझ्या आच्छादनाबद्दल सांगितले पाहिजे. २०२२ च्या ऑक्टोबरात मी तिकडून परत निघालो, तेव्हा बर्फ पडायला महिना उरला होता. बर्फ मी तोवर फक्त चित्रपटात पाहिलेले. पत्नीचे झाड उघड्यावर थंडीत कसे राहील, या काळजीने मी दुकानातून लाकडाच्या सालीच्या चुऱ्याची पोती आणवली. त्याला तिकडे मल्च म्हणतात. त्याचा गुडघाभर उंच ढीग खोडाला लगटून रचला. लहान मुलाला गळ्यापर्यंत गोधडी लपेटावी तसा. २०२३ च्या हिवाळ्याआधी, माझ्याच फोनवरच्या सांगण्यावरून, त्या ढिगावर आणखी तीन पोती चढली.

आता मी तो ढीग हातांनी उपसू लागलो. आतला चुरा ओला, उबदार, बुरशीच्या वासाचा. वीतभर खाली गेल्यावर बोळे लागले. सुपारीएवढी छिद्रे, आत वाळल्या गवताची गादी. आणि मग खोड दिसले. साल नव्हतीच. खोडाच्या जवळजवळ पाऊण घेरावर, चार बोटे रुंदीचा पट्टा पांढराफटक पडलेला. त्यावर बारीक, वेड्यावाकड्या दातांच्या खुणा. उरलेल्या पाव घेरावरची साल काळपट, नखाने दाबली तर आत जाणारी.

तिकडे व्होल नावाचा एक प्राणी आहे. उंदरापेक्षा गुबगुबीत, आखूड शेपटीचा. हिवाळ्यात तो बर्फाखालून बोगदे करत हिंडतो आणि खायला दुसरे काही नसले की झाडाची साल कुरतडतो. त्याला लपायला जागा लागते. ती मी दिली होती, पोती विकत घेऊन.

हे सगळे घडून झाड दुसऱ्या वर्षी हिरवे होते कसे, हा प्रश्न मी बाईंना पुन्हा जाऊन विचारला. त्यांचे उत्तर मला अजून पुरते आठवते. झाडात दोन वाटा असतात. मुळांनी घेतलेले पाणी वर जाते ते लाकडातून, आणि पानांनी तयार केलेले अन्न खाली मुळांकडे येते ते सालीतून. साल गेली तरी लाकूड शाबूत असते, पाणी वर जात राहते, पालवी फुटते, मोहोर येतो. खाली मुळे मात्र उपाशी. ती साठवणीवर जगतात, एक वर्ष, कधी दोन. वर अडकलेले अन्न फांद्यांतच राहते, म्हणून अशा झाडाला कधीकधी फळेही जास्त लागतात आणि पाने अकाली तांबडी होतात. म्हणजे त्या ऑगस्टच्या फोटोंत सगळे लिहिलेले होते. डागांच्या मागे आम्ही लागलो. डाग खरे होते, स्कॅब खरा होता. पण झाड त्याने मरत नव्हते. उपाशी मुळांवर माझ्या खताचा काय उपयोग? उलट जास्तीच्या नत्राने कोवळी फूट येते आणि तीच फायर ब्लाइटला आमंत्रण देते.

खरे सांगायचे तर मला लाज वाटली ती वेगळ्याच कारणाने. मला हे माहीत होते.

१९८०-९० च्या दशकांत मी बँकेत शेतकी कर्जांचे काम पाहत असे, आणि काही वर्षे माझी नेमणूक वरूड-मोर्शीच्या संत्र्याच्या पट्ट्यात होती. संत्र्याला डिंक्या नावाचा रोग होतो. बुंध्याची साल कुजते, डिंक पाझरतो आणि झाड वरून वाळत येते. कारण बहुतेक वेळा एकच : आळ्यातले पाणी खोडाला लागते, किंवा कलमाचा डोळा मातीत गाडला जातो. त्यावरचा उपाय तिथल्या पोराटोरांनाही पाठ. दुहेरी आळे करायचे, म्हणजे पाणी बाहेरच्या कड्यात राहते आणि खोड कोरडे. आणि बुंध्याला बोर्डो मलम लावायचे, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मी स्वतः शेतकऱ्यांच्या मेळाव्यांत हे भाषण ठोकलेले आहे, टाळ्या घेतलेल्या आहेत.

आणि तरी एका बागायतदाराच्या पाहणीला गेलो असताना मी बांधावरूनच परतलो होतो. पाने पिवळी, शेंडे वाळलेले. आमच्या छापील तपासणी अर्जात रकाने होते ते झाडांच्या संख्येचे, वयाचे, अपेक्षित उत्पन्नाचे. ‘बुंधा पाहिला काय?’ असा रकाना नव्हता. मी ‘रोगाचा प्रादुर्भाव’ असे लिहिले आणि औषधांसाठी जादा कर्जाची शिफारस केली. शेतकऱ्याचे भले करतो आहे अशीच माझी भावना होती. त्यांनी ते कर्ज घेतले, वर्षभर फवारण्या केल्या, आणि बाग गेली. कर्ज राहिले. पुढे विद्यापीठाच्या माणसाने मुळाशी माती उकरून दाखवली, तेव्हा मी तिथे उभा होतो. कलमाचे डोळे मातीखाली गेलेले होते. म्हातारे मला रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, ‘सायेब, झाड बुडापासून पाहा लागते.’ ते कर्ज फिटायला त्यांना किती वर्षे लागली हे मला माहीत आहे, पण तो आकडा इथे लिहवत नाही.

आपण औषधापासून सुरुवात करतो, हे माझे मत त्या बागेपासूनचे आहे आणि ते रॉचेस्टरला पक्के झाले. वरूडच्या कृषी सेवा केंद्रात शेतकरी वाळके पान घेऊन जातो आणि दुकानदार पान बघून बाटली देतो. अमेरिकेत पानाचा फोटो अ‍ॅपला दाखवतात आणि बाटली घरपोच येते. फरक एवढाच. बाटली विकणाऱ्याला दोष देऊन मी सुटणार नाही. झाडाजवळ गुडघे टेकायला वेळ लागतो, आणि तिथे जे दिसते त्यावर पुष्कळदा आपल्याच हाताचे ठसे असतात. बाटली बरी. तिच्यावर दुसऱ्याचे नाव असते.

असो. झाडाचे पुढे काय झाले ते सांगतो.

साल पूर्ण गेली नव्हती, मुळे अजून जिवंत होती, म्हणून एक उपाय शिल्लक होता. पुलाची कलमे बांधायची. जखमेच्या खालची साल आणि वरची साल यांच्यामध्ये जिवंत काड्यांचे पूल टाकायचे, म्हणजे त्यांतून अन्न खाली उतरते. वेळ मोजकी असते. कळ्या उमलू लागल्या की साल लाकडापासून सुटी होते, ते दोन-तीन आठवडे. काड्या मात्र झोपेतल्या हव्यात, हिवाळ्यात कापून थंडीत ठेवलेल्या. त्या कुठून आणायच्या? कुंपणापलीकडून! शेजाऱ्यांच्या शीतपेटीत, भाज्यांच्या खणात, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक जुडी होती. स्वतःच्या झाडांवर कलमे करण्यासाठी ठेवलेली. त्यांनी ती न विचारता दिली. आपण कापलेल्या दोन फांद्यांबद्दल ते बिचारे तीनदा माफी मागत होते, आणि मी त्यांना माझ्या पोत्यांबद्दल सांगून गप्प करत होतो.

काम आम्ही दोघांनी केले. आजोळी राजापूरकडे मामा आंब्याची भेटकलमे केळीच्या सोपटाने बांधत, ते मी लहानपणी तासन्‌तास पाहिले होते; पण हातात चाकू पहिल्यांदाच घेतला, सहासष्टाव्या वर्षी. जखमेच्या कडा निरोगी सालीपर्यंत साफ केल्या. पेन्सिलीच्या जाडीच्या काड्यांना दोन्ही टोकांना तिरका छेद दिला. काडीचा वरचा भाग वरच राहायला हवा. उलटी बसली तर जगत नाही. शेजाऱ्यांनी म्हणून प्रत्येक काडीच्या शेंड्याला आधीच लाल खूण केली होती. काडी किंचित लांब घ्यायची, म्हणजे ती धनुष्यासारखी बाहेर वाकते आणि वाऱ्याने खोड हलले तरी निसटत नाही. टोके सालीखाली सारली, बारीक खिळ्यांनी ठोकली, वरून मेण. अशा पाच काड्या. नात मेणाची वाटी धरून उभी होती. झाडाला खिळे ठोकताना तिने डोळे मिटून घेतले.

त्या वसंतात आलेली सगळी फुले आम्ही खुडली, झाडावर फळांचा भार नको म्हणून. ते काम लेकीने केले, एकटीने. मी मुद्दाम घरात राहिलो.

पाचांपैकी दोन काड्या जूनमध्येच सुकल्या. तीन जगल्या. त्यांना फुटलेले कोंब वेळोवेळी काढून टाकावे लागत, कारण पुलावर झाड उगवून चालत नाही. पूर्वेकडची एक मोठी फांदी २०२४ च्या अखेरीस वाळली, ती शेजाऱ्यांनी पुन्हा करवत आणून काढली, या वेळी आम्हाला विचारून. गळलेली पाने लेकीने गोळा करून नेली, आणि स्कॅबसाठी २०२५ च्या एप्रिलमध्ये, वेळेवर, फवारणी झाली. त्या वर्षी अकरा फळे ठेवली. त्या पुलांवर सगळे झाड तोलले जाईल की नाही हे ठरायला अजून काही वर्षे जातील, असे बाई म्हणतात.

२०२५ च्या ऑक्टोबरात नेहमीप्रमाणे आच्छादन घालायची वेळ आली, तेव्हा मी पुण्यातून व्हिडिओवर होतो. खोडाभोवती बारीक छिद्रांच्या लोखंडी जाळीचा नळा बसवला आहे, थोडा जमिनीत पुरलेला. जावईबापूंनी चुऱ्याचे कडे केले. उंची चार बोटे, मधोमध खोड मोकळे. ‘खोडापासून एक वीत लांब ठेवा,’ मी म्हटले.

नातीने हात पसरून बघितला. मग फोनकडे तोंड करून विचारले, ‘आजोबा, कुणाची वीत? माझी की बाबांची?’

‘तुझी असेल तर दोन.’

तिने दोनदा मोजले, चारही बाजूंनी, आणि एका ठिकाणचा चुरा बोटांनी मागे ओढला.